दुसरी प्रणाली बसवण्याआधीचा तास

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या साप्ताहिक पुरवणीत जुन्या लॅपटॉपला नवे आयुष्य कसे द्यावे याविषयी आलेला मजकूर वाचला. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षा-सुधारणांची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असूनही अडगळीत जाऊ पाहणाऱ्या यंत्रावर विंडोजच्या शेजारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारखी, लिनक्स घराण्यातली मोफत प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बसवावी, हा त्या मजकुरातला सल्ला मला पूर्णपणे मान्य आहे. माझा आक्षेप एवढाच आहे की हे अर्ध्या तासाचे काम असल्याचे त्यात सांगितले आहे. प्रत्यक्ष बसवणी अर्ध्या तासात होते, हे खरे आहे. मात्र ती सुखरूप व्हावी म्हणून त्याआधी जो एक तास द्यावा लागतो, त्याविषयी त्या मजकुरात एक अक्षरही नव्हते, आणि पुण्यात दरवर्षी सत्र सुरू होताना विद्यार्थ्यांचे जे नुकसान होते ते नेमके त्याच तासात केलेल्या घाईमुळे होते.

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षे सहायक म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर चार विद्यार्थिनी भाड्याने राहतात. त्यांपैकी एक लातूर जिल्ह्यातली असून संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या वर्गाला सूचना मिळाली की प्रात्यक्षिकांसाठी प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून आणावे. सूचना तेवढीच होती. कसे बसवावे, आधी काय करावे, न जमल्यास कोणाकडे जावे, यातले काहीही तिच्यात नव्हते. वडिलांनी सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर घेऊन दिलेला तो लॅपटॉप मुलीने एका दुरुस्तीच्या दुकानात नेला, आणि तिथल्या कारागिराने तासाभरात ‘मारून’ देण्याचे आश्वासन दिले. आपल्याकडे विंडोज मारतात, फॉरमॅटही मारतात. क्रियापदच धोक्याची सूचना देते, पण ती कोणी ऐकत नाही.

लिनक्स बसले, परंतु त्यानंतर विंडोज सुरू करताच निळा पडदा आला आणि त्यावर अठ्ठेचाळीस अंकांची रिकव्हरी की मागितली गेली. विंडोज खराब झाले असून आता फॉरमॅट मारावा लागेल, असा निर्णय दुकानातून मिळाला. मुलीने तो मानला नाही, लॅपटॉप उचलला आणि ती थेट आमच्या दाराशी येऊन म्हणाली, “काका, यात बाबांनी पाठवलेले सगळे कागद आहेत.” शेताच्या वाटणीच्या जुन्या कागदांचे फोटो वडिलांनी तिच्याकडे पाठवले होते, ते शिकलेल्या मुलीकडे अधिक सुरक्षित राहतील एवढ्या साध्या विश्वासाने. त्यांतले काही मूळ कागद नंतर घरातच गहाळ झाले होते.

इथे थोडे थांबून हा निळा पडदा का आला ते सांगितले पाहिजे, कारण गेल्या काही वर्षांत विकल्या गेलेल्या असंख्य लॅपटॉपांना हे लागू आहे आणि त्यांच्या मालकांना त्याची कल्पनाही नसते. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की अनेक यंत्रांवर डिस्कचे कूटबद्धीकरण आपोआप सुरू होते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून त्यासाठीच्या अटी आणखी सैल झाल्या आहेत. होम आवृत्तीत याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात आणि प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’. मुळाशी तंत्र एकच आहे. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली टीपीएम चिप सांभाळते. यंत्र सुरू होताना सर्व काही पूर्वीप्रमाणेच आहे अशी चिपची खात्री पटली तरच ती किल्ली देते, म्हणून मालकाला कुलूप असल्याचे कधी जाणवतही नाही. बायोसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या यंत्राच्या मूळ कार्यक्रमातली, सिक्युअर बूटची (फक्त ओळखीच्या प्रणालीलाच सुरू होऊ देण्याची) सेटिंग बदलली किंवा सुरुवातीच्या क्रमात मध्येच कोणी नवा आला, तर चिप किल्ली देण्यास नकार देते आणि विंडोज मालकाकडे ते अठ्ठेचाळीस अंक मागते. लॅपटॉप चोरीस गेला तर आपली कागदपत्रे चोराला वाचता येऊ नयेत यासाठीची ही व्यवस्था आहे आणि ती चांगलीच आहे. फक्त मालक आणि चोर यांच्यातला फरक तिला त्या अंकांवरूनच कळतो.

अशा वेळी पहिला उपाय म्हणजे बदललेली सेटिंग जशीच्या तशी पूर्ववत करणे. बरेचदा एवढ्याने चिपचे समाधान होते आणि विंडोज निमूटपणे उघडते. मी तेच केले, पण उपयोग झाला नाही, कारण दुकानातल्या कारागिराने बायोसमध्ये दिसेल ते करून पाहताना चिपमधल्या नोंदीही पुसून टाकल्या होत्या. दुसरा उपाय म्हणजे मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन, तिथल्या उपकरणांच्या विभागात साठवलेली की वाचणे. आता खरी मेख पुढे आली. लॅपटॉप घेतला त्या दिवशी विक्री करणाऱ्या मुलाने ‘मी चालू करून देतो’ म्हणत स्वतःच तयार केलेल्या कुठल्याशा ई-मेल पत्त्यावर खाते उघडले होते. तो पत्ता मुलीला माहीत नव्हता, आणि विक्रेत्याच्या दुकानात चौकशी केली तेव्हा तो मुलगा नोकरी सोडून गेल्याचे कळले. ती की कुठेतरी एका खात्यात आजही सुरक्षित असेल, पण आमच्यासाठी ती नसल्यातच जमा. अखेरीस डिस्क पुसावी लागली आणि त्या कागदांचे फोटो गेले.

या प्रकारात लिनक्सचा काहीही दोष नाही, आणि एका अर्थाने विंडोजचाही नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे की बंद हे पाहायला अर्धे मिनिट लागते. ते चालू असेल तर आपले खाते खरोखर आपलेच आहे ना याची खात्री करणे, सहा-सहा अंकांच्या आठ गटांत असलेली की कागदावर उतरवून घेणे आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता घरात ठेवणे, एवढे दहा मिनिटांत होते. हे न करता बायोसला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काहींचा सल्ला असतो की कूटबद्धीकरण सरळ बंद करून टाकावे. उबुंटूचा बसवणी-कार्यक्रमही कुलूपबंद विभागाचा आकार स्वतः बदलू शकत नाही आणि तसे सांगून थांबतो. तथापि जागा विंडोजमधूनच मोकळी करून दिली तर कुलूप कायमचे काढण्याची गरज पडत नाही. काम चालू असेपर्यंत ते तात्पुरते स्थगित ठेवले की पुरते. ज्यांनी ते पूर्ण बंद केले असेल त्यांनी काम झाल्यावर पुन्हा चालू करावे, कारण बसमध्ये विसरलेल्या लॅपटॉपची चिंता लिनक्स बसवल्याने कमी होत नाही.

रिकव्हरी की हाती आली तरी कागदपत्रांची प्रत काढण्याचे काम उरतेच, आणि इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो सविस्तर सांगणे भाग आहे. ‘बॅकअप घेतला का?’ असे विचारले की मुले ठामपणे सांगतात, “हो, सगळे डी ड्राइव्हमध्ये टाकले आहे.” सी आणि डी या बहुतेक लॅपटॉपांत दोन वेगळ्या डिस्का नसतात. पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याची भावांत वाटणी होऊन मधे भिंत घातली जावी, तसे ते एकाच डिस्कचे दोन भाग असतात. पाया एक, छप्पर एक, आणि रस्त्यावर उघडणारा दिंडीदरवाजाही एकच. थोरल्याच्या खोल्यांतून धाकट्याच्या खोल्यांत सामान हलवल्याने वाड्याला लागलेल्या आगीपासून ते वाचत नाही. प्रत घ्यायची तर ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा दुसऱ्या यंत्रावर घ्यावी, आणि घेतल्यावर दुसऱ्या लॅपटॉपला जोडून त्यातल्या चार-सहा फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न उघडलेल्या प्रतीवर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

वाड्याचे उदाहरण घेतलेच आहे तर त्या दिंडीदरवाजाविषयीही सांगतो. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत डिस्कवर ईएफआय नावाचा एक छोटा विभाग असतो. विंडोजने तो तयार केला असेल तर बहुधा शंभर एमबीच्या आसपासचा. यंत्र चालू झाल्यावर पहिले पाऊल तिथे पडते. लिनक्स बसवल्यावर त्याचा ‘ग्रब’ हा कार्यक्रम याच देवडीवर येऊन बसतो आणि प्रत्येक वेळी विचारतो, कोणाकडे जायचे आहे? हा विभाग दोन्ही प्रणालींच्या सामाईक मालकीचा असतो. त्यामुळे बसवताना तो वापरायचा असतो, पुसायचा नसतो. याच्या उलट बाजूची चूकही नेहमी घडते. सत्र संपल्यावर मुले विंडोजमध्ये जाऊन लिनक्सचे विभाग उडवून टाकतात आणि जागा परत मिळाली म्हणून खूश होतात. पहारेकरी मात्र देवडीवर तसाच असतो, त्याची कागदपत्रे आता नष्ट झालेल्या खोलीत होती, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच लिहून थांबते. बायोसमध्ये जाऊन सुरुवातीच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर आणला की बहुधा काम भागते, परंतु परीक्षेच्या आदल्या रात्री हे कोणाला आठवत नाही.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली चूकही इथे कबूल करतो, म्हणजे मी केवळ इतरांच्या चुका मोजतो असे वाटणार नाही. २००८ साली उबुंटूची ८.०४ ही आवृत्ती आली तेव्हा तिच्या सीड्या मागणी नोंदवल्यास पोस्टाने घरपोच मोफत येत. मी उत्साहाने घरच्या संगणकात सीडी घातली आणि बसवणीच्या पडद्यावर आलेले पर्याय न वाचता पुढे-पुढे दाबत गेलो. त्यांतला एक पर्याय संपूर्ण डिस्क वापरण्याचा होता. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतासाठी थोरल्या भावाने गावोगाव फिरून जमवलेली आणि मी तीन वर्षे टंकलेली टिपणे त्या एका दाबासरशी गेली. भाऊ मला एक शब्दही बोलला नाही. त्याने वहीतून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून बसवणीच्या त्या एका पडद्याशी मी हात मांडीवर ठेवून बसतो आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतो.

आजच्या बसवणी-कार्यक्रमांतही हा पर्याय असतोच, ‘इरेझ डिस्क’ अशा नावाने, आणि नवख्याला तोच सर्वांत सोपा वाटतो. आपल्याला हवा असतो तो विंडोजच्या शेजारी बसवण्याचा पर्याय किंवा स्वतः विभाग निवडण्याचा पर्याय. काही लॅपटॉपांत दोन डिस्का असतात, एक लहान आणि वेगवान, दुसरी मोठी आणि संथ. लिनक्स त्यांना सी-डी म्हणत नाही. एनव्हीएमई, एसडीए अशी अपरिचित नावे दाखवते. अशा वेळी आकारावरून ओळख पटवावी लागते आणि त्यातही एक खोडा आहे. पाचशे बारा जीबीची म्हणून घेतलेली डिस्क विंडोज चारशे शहात्तर जीबीची दाखवते, कारण मोजण्याचे एकक वेगळे असते, आणि उबुंटूमध्ये तीच डिस्क पुन्हा पाचशे बाराची दिसते. म्हणून विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये दिसणाऱ्या विभागांचा मोबाइलवर फोटो काढून तो समोर ठेवावा. यापेक्षा स्वस्त विमा मला माहीत नाही.

जागा मोकळी करण्याचे कामही त्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून, सी विभाग आक्रसून करावे, लिनक्सकडून करवून घेऊ नये, कारण आपल्या खोल्यांतले सामान कुठे ठेवले आहे हे विंडोजलाच अधिक माहीत असते. उबुंटूच्या चालू आवृत्तीला पंचवीस जीबी जागा सांगितलेली आहे, पण प्रत्यक्षात साठ ते ऐंशी जीबी दिली तर वर्षभर तक्रार येत नाही. मिळालेली जागा मोकळीच सोडावी. तिला सी-डीसारखे नवे अक्षर देऊन सजवण्याचा मोह टाळावा.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजला एक सवय लागली आहे. ‘शट डाऊन’ म्हटल्यावर ते पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि अर्धवट निद्रेत जाते. ‘फास्ट स्टार्टअप’ हे तिचे नाव. अशा स्थितीत लिनक्समधून विंडोजच्या विभागात काही लिहिले गेले, तर जागे झाल्यावर विंडोजच्या स्मरणातली आणि डिस्कवरची परिस्थिती जुळत नाही आणि फायली खराब होऊ शकतात. लिनक्स बहुधा असा विभाग केवळ वाचण्यापुरता उघडून आपल्याला वाचवते, पण ‘बहुधा’च्या भरवशावर राहू नये. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवरच्या पर्यायांत जाऊन ही सोय बंद करावी. त्यामुळे विंडोज सुरू व्हायला चार-पाच सेकंद जास्त लागतील, ते लागू द्यावेत.

ज्यावरून लिनक्स बसवायचे त्या पेन ड्राइव्हविषयी दोनच गोष्टी. उबुंटूच्या बसवणीची फाइल आता जवळपास सहा जीबीची असते, म्हणून किमान आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्यावा आणि तो रिकामा आहे याची खात्री करावी, कारण रूफससारख्या कार्यक्रमाने फाइल त्यावर चढवताना आधीचे सर्व पुसले जाते. लॅपटॉप सांभाळता सांभाळता बहिणीच्या लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवरून घालवलेले महाभाग मी पाहिले आहेत. दुसरे असे की फाइल मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी, मित्राच्या मित्राकडून नव्हे, आणि तिची ‘चेकसम’ नावाची ओळखखूण जुळवून पाहावी. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटचे संकेतस्थळच हल्लेखोरांनी ताब्यात घेऊन तिथून चोरदरवाजा असलेली फाइल वाटली होती. मूळ ठिकाणीही असे घडू शकते, मग गल्लीतल्या पेन ड्राइव्हची काय कथा!

याच पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता, लिनक्स चालवून पाहता येते. ही सोय इतकी उपयुक्त आणि इतकी दुर्लक्षित आहे की मला तिचे नेहमी नवल वाटते. वायफाय लागते का, आवाज येतो का, टचपॅड नीट चालते का, इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी लिहिता येते का, आणि मुख्य म्हणजे लिनक्सला आपली डिस्क दिसते का, हे सर्व एका दुपारी तपासता येते. इंटेलच्या काही लॅपटॉपांत डिस्क ‘आरएसटी’ नावाच्या पद्धतीने जोडलेली असते आणि मग ती बसवणी-कार्यक्रमाला दिसतच नाही किंवा तो पुढे जाण्यास नकार देतो. दुकानांतून यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे बायोसमध्ये ती पद्धत बदलून ‘एएचसीआय’ करणे. तो उपाय चूक नाही, पण विंडोजला आधी न कळवता केला की विंडोज उठतच नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच सोयींसह, सुरू होईल अशी व्यवस्था करावी, मग बायोसमध्ये बदल करावा, मग सेफ मोडमध्ये एकदा जाऊन परत यावे. या क्रमाला महत्त्व आहे आणि त्याला एकूण दहा मिनिटे लागतात.

काम पार पडल्यावरही पेन ड्राइव्ह लगेच पुसू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका मासिक सुधारणेने सुरक्षेसाठी प्रणाली सुरू करून देणाऱ्या जुन्या बूट-कार्यक्रमांना बंदी घातली. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना ती लागू होऊ नये अशी योजना असूनही अनेकांची लिनक्स सुरू होईनाशी झाली, आणि त्यावरची पक्की दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. अशा वेळी तो पेन ड्राइव्हच कामी येतो. आणखी एक निरुपद्रवी गंमत सांगून ठेवतो, कारण तिला घाबरून मुले धावत येतात. लिनक्समधून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसते. विंडोज यंत्रातल्या घड्याळाला स्थानिक वेळ मानते आणि लिनक्स जागतिक वेळ मानते. आपल्या प्रमाणवेळेतला साडेपाच तासांचा फरक तेवढा तिथे उघडा पडतो. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ वापरायला सांगता येते.

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांसाठी, म्हणजे शेलच्या (टंकून द्यायच्या) आज्ञा शिकण्यासाठी आणि सी भाषेतले कार्यक्रम चालवण्यासाठी, प्रत्येक मुलाने डिस्कची वाटणी करणे मुळात गरजेचे आहे का? माझ्या मते नाही. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल ही सोय आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये संपूर्ण उबुंटू एका खिडकीत चालते, आठ जीबी स्मृती असेल तर कुरकुरत का होईना चालते, आणि बिघडले तर ती एक फाइल पुसून नवी घेता येते. ज्यांना लिनक्सची गोडी लागेल आणि यंत्राची पूर्ण ताकद हवी असेल, त्यांनी पुढच्या वर्षी शेजारी बसवावे. मी स्वतः लिनक्सचा कट्टर वापरकर्ता असूनही हे लिहितो आहे. १९८८ साली ज्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना या शहरात झाली, तिने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली; त्या शहरात मुलांची लिनक्सशी पहिली ओळख भीतीने व्हावी, हे मला पटत नाही.

तरीही महाविद्यालयाला प्रत्येकाच्या लॅपटॉपवर दुसरी प्रणाली हवीच असेल, तर ती बसवण्याची जोखीम मुलांच्या गळ्यात टाकून शिक्षकांनी मोकळे होऊ नये. सत्राच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस प्रयोगशाळा त्यासाठी खुली ठेवावी. प्रयोगशाळेत दोन-तीन बाहेरच्या हार्ड डिस्का ठेवाव्यात, ज्यांवर मुलांना तात्पुरती प्रत ठेवता येईल. वरच्या वर्गातली चार मुले मदतीला बसवावीत. आणि रिकव्हरी की वहीत लिहिलेली दाखवल्याशिवाय कोणाच्याही बायोसला हात लावू नये. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही काही वर्षे असा दिवस पाळत होतो. त्या काळी कूटबद्धीकरणाचा प्रश्न नव्हता, पण प्रत दाखवल्याशिवाय सीडी मिळणार नाही हा नियम होता, आणि मुले आमच्यावर चिडत असत.

दुरुस्तीच्या दुकानदारांकडूनही एक अपेक्षा आहे. पावतीवर ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची राहील’ असा शिक्का बहुतेक ठिकाणी असतो आणि त्याचा सूर एखाद्या पुणेरी पाटीला शोभेल असा असतो. कायद्याच्या दृष्टीने तो शिक्का किती टिकेल याच्या वादात मी पडत नाही. पण जबाबदारी ग्राहकाची असेल तर ग्राहकाला निदान दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत: प्रत काढली आहे का, आणि की जवळ आहे का. नवा लॅपटॉप विकणाऱ्यांनी तर ग्राहकाचे खाते ग्राहकाच्याच ई-मेल पत्त्यावर, त्याच्यासमोर आणि त्याच्या हाताने उघडून द्यावे. वेळ वाचवण्यासाठी स्वतःच्या मनाने पत्ता तयार करणे ही ग्राहकाच्या घराची किल्ली स्वतःच्या खिशात घालून जाण्यासारखी गोष्ट आहे. या शहरात बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांच्या खोलीत तो लॅपटॉप ही बहुधा एकमेव मौल्यवान वस्तू असते.

आपल्या पुरवणीला विनंती अशी की हा विषय पुन्हा घ्याल तेव्हा बसवणीच्या पायऱ्यांआधी रिकव्हरी की, प्रत आणि डिस्कचा फोटो या तीन गोष्टी ठळक चौकटीत छापाव्यात. शिवाय बसवणी चालू असताना यंत्राला चार्जर लावलेला असावा आणि वीज जाण्याची शक्यता नसावी, हेही लिहावे. आपल्याकडे गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद राहते हे जुन्या पुणेकरांना ठाऊक असते, परंतु लातूरहून आलेल्या मुलीला ते कोणी सांगितलेले नसते.

त्या मुलीच्या लॅपटॉपवर आता दोन्ही प्रणाली सुखरूप नांदत आहेत. बसवणी तिने स्वतः केली. मी शेजारी बसून फक्त मोठ्याने वाचत होतो. तिचे मायक्रोसॉफ्ट खाते आता तिच्या स्वतःच्या नावावर आहे, आणि ते अठ्ठेचाळीस अंक तिने गावी वडिलांना फोनवर सांगितले. त्यांनी ते दुधाच्या हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले आणि पुन्हा दोनदा वाचून दाखवले.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
कोथरूड, पुणे